घासलेली जागा

कास्त्रोच्या बंदराला ओहोटी लागली की
खांबांवरची घरं गुडघ्यापर्यंत उघडी पडतात,
माझ्या दुकानाच्या फळ्यांखालून
शेवाळाचा वास वर येतो.
अशा वेळी ती आली, केम्चीहून, दोन बस बदलून,
लोकरी शालीतला रेडिओ
आजारी कोकरासारखा पोटाशी धरून.

"एकाच जागी थरथरतो," एदेलमिरा म्हणाली,
"बाकी सगळीकडे ठीक आहे. बाबा गेले मार्चमध्ये.
परवा लावून बघितला."

मागचे चार स्क्रू. त्यातल्या एकाची खाच
कुणीतरी सुरीनं आधीच बिघडवलेली.
आत धूळ, चुलीची काजळी, एक वाळलेली माशी.
बटणाच्या दांड्यामागे नाण्याएवढी डबी.
उघडली, भिंग डोळ्याला लावलं:
कार्बनचा काळा पट्टा, घोड्याच्या नालासारखा,
दोन्ही टोकांना नवाकोरा,
आणि मधे, जरा उजवीकडे,
तांदळाच्या दाण्याएवढी जागा
पार झिजून पांढरी.
इथेच. अर्धा केस पुढे, अर्धा केस मागे,
पुन्हा इथेच.

भिंग तिच्या हातात दिलं.
"इथे काय लागायचं?"

मला ठाऊक होतं. एकतीस वर्षं याच धंद्यात आहे.
डोंगरांपलीकडच्या सपाटीवरून
संध्याकाळी साडेसातला एक बाई निरोप वाचायची:
अमक्याचा ताप उतरला, काळजी नसावी.
तमक्याची कातरणी संपली, ईस्टरला येतो.
पैसे पाठवलेत, पोचले का कळवा.
मेंढ्या कातरायला गेलेली आमच्या बेटाची पोरं
त्या बाईच्या आवाजातून घरी यायची.
ते केंद्र बंद पडून बारा वर्षं झाली.

ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली.
"नोल्बेर्तोचं नाव घरात काढायचं नाही,
अशी बाबांची ताकीद होती.
आईनं चुकून त्याचं ताट मांडलं
तर उठून जायचे.
आम्हाला म्हणायचे, हवामान ऐकतोय."

मी नवीन बसवलं, दहा फेऱ्यांचं.
जुन्याचं जग पाऊण फेरीतच संपायचं.
आता बटण लोण्यातून फिरावं तसं,
बीजिंग, हवाना, कुठलासा पाद्री,
जो तो आपापल्या जागी टाचणीनं टोचलेला.
खरखर नाही. घसरण नाही.

तिनं फिरवून बघितलं. मग थांबली.
"त्या जागी जरासं अडेल,
असं नाही का करता येणार?"

नाही, बाई.
रेडिओ उलटा केला, तळाला पेन्सिलनं लिहिलं:
डावीकडून सहा फेऱ्या आणि थोडं.

तिनं मोजून पैसे दिले,
वर धुरावलेल्या शिंपल्यांची एक माळ.
जुनी डबी मागून घेतली, तशीच खिशात टाकली.
फळ्यांखाली पाणी चढायला लागलं होतं.
दारापर्यंत गेली, आणि वळली:
"थोडं म्हणजे किती?"