खालच्या चेहऱ्याची उंची

लच्चव्वा येमूल, वय बासष्ट, विडी घरकुल.
तक्रार: नातीच्या मोबाइलात
प्रत्येक फोटोत मी भांडून आल्यासारखी दिसते.

आ करा, म्हटलं.
वर तीन दात, खाली एकही नाही.
हिरडीला मशेरीचा जुना काळा काठ,
ओठांच्या दोन्ही टोकांना चिरा,
लाळ साचून पांढऱ्या पडलेल्या.

कारण सांगायला सोपं आहे.
दात गेले की हाडाला काम उरत नाही,
ते झिजतं, मुकाट, वर्षाला केसभर.
हनुवटी नाकाकडं सरकते
आणि ओठ,
मोठी चादर छोट्या बाजेवर टाकावी तसा
कडेला लोंबतो.
शिवाय एक स्नायू असतो, त्रिकोणी.
कोपरा खाली ओढणं एवढंच त्याचं काम.
त्याला सुट्टी नाही.

ऐकून घेतलं तिनं सगळं. मग म्हणाली,
"ब्रँचला रोज मूठभर विड्या छाट काढत्यात वो,
तवापासनं हाय हे."

चिरांना मलम, पंधरा दिवस.
रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात. गोळ्या.
चिरा भरेपर्यंत शेंगाची चटणी बंद.
इथं ती खरोखर रागावली,
आणि मला फरक कळला.

मग मेणाची कड.
"अम्मा म्हणा."
ओठ जिथं सहज टेकतात, तिथं पट्टी धरायची.
खालच्या बोळात यंत्रमाग चालू,
त्यांच्याबरोबर आमची खुर्ची थरथरते, पट्टीही.
वीज जायची वाट बघत बसलो दोघं.
गेली. माप घेतलं.
"आता सोलापूर म्हणा."
"शोलापूर."
मेण तासलं. पुन्हा.
"शोलापूर."
तिसऱ्यांदा लक्षात आलं, दोष मेणाचा नव्हता.

कवळी बसली त्या दिवशी
आरसा हातात धरून बराच वेळ गप्प.
"कोण वो ही? कुणाच्या लग्नाला चालली?"

महिन्यानं आली, भर एप्रिलात, चालत,
कवळी रुमालात बांधून.
टोचते? नाही.
चावता येतं? कडक भाकरी खाते, आवाज करून.
"मग?"
"थोडं पाडून द्या."

तोंड पडलेलं होतं तेव्हा
पोरगा पुण्याहून आला की उंबऱ्यातच विचारायचा,
काय झालं आव्वा?
"आता बघतो, म्हणतो, बरी दिसतीस की.
आन् मोबाइल काढून बसतो."

कानस हातात घेतली.
एक मिलिमीटर घासता येतो.
पुस्तकात बसत नाही, पण येतो.
वीज आली. खाली माग सुरू झाले.
कानस धरलेला हात थरथरू लागला
तो मागांमुळंच, असं मी धरून चाललो.

शेवटी तिनंच रुमाल ओढून घेतला.
"ऱ्हाऊ द्या. तो काय रोज येतो?"

कार्डावर लिहिलं:
उंची बरोबर. चिरा भरल्या.
महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी
कवळी पाण्यात.