उशिराचं कारण

भुसावळ ते ऑकलंड, मी टाइप केलं,
आणि फोननं लगेच सांगून टाकलं:
हवाई अंतर बारा हजार एकशे बासष्ट किलोमीटर,
वेळ पंधरा तास बेचाळीस मिनिटं.

नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
पस्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड,
असं गुळगुळीत उत्तर त्यांच्या घशाखाली उतरत नाही.
"ताशी किती धरलाय?"
आठशे.
"सरासरी, की कमाल?"
माहीत नाही, नाना.
"आणि लूपला उभी करून मेल पुढे काढली तर?"
आकाशात लूप नसते, म्हणालो,
तर माझ्याकडे असं पाहिलं
की नोकरीच्या पहिल्या दिवशीचा पोरगा आहे मी.

खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती.
वाचून दाखवली:
चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास जास्तीचा धरला आहे.
"अर्धा तास," नाना म्हणाले.
"दुसखेड्याच्या सिग्नलबाहेर साडेनऊ तास उभा होतो एकदा.
मे महिना. डब्याचा पत्रा तव्यासारखा.
भुसावळचे दिवे दिसत होते
आणि योगिनीचा तो पहिला वाढदिवस."

आई मागच्या अंगणात पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती.
तिथूनच विचारलं तिनं,
"आन् भरीत? टिकीन का तठलोंग?"
हे फोनला कुठे विचारतात, मला कळेना.

मग नानांनी वही काढली.
गार्डाच्या जर्नलसारखी, पण स्वतः पट्टीनं आखलेली.
सुटण्याची वेळ. पोहोचण्याची वेळ. उशिराचं कारण.
पहिल्या ओळीत योगिनी,
सहा वर्षांपूर्वीचा आषाढ, रात्री दहा पन्नास, फलाट तीन.
पोहोच: वेळेवर.
त्याखाली परतीच्या ओळी, वर्षाला एक,
सुटण्याचा रकाना सगळ्यांचा कोरा.
कारणं मात्र भरलेली:
व्हिसा. जावयाची नोकरी गेली. बाळंतपण.
बाळाचे कान दुखतात विमानात. तिकीट महाग.
यंदाच्या ओळीवर पेन टेकवून बराच वेळ बसले,
शाईचा ठिपका मोठा होत गेला,
मग लिहिलं: लाइन क्लिअर मिळाली नाही.

कुणाकडून, ते मी विचारलं नाही.

गार्ड गाडीच्या शेपटाला असतो.
ड्रायव्हरला येणारं स्टेशन दिसतं,
गार्डाला गेलेलं.
सावदा, निंभोरा, रावेर,
केळीच्या बागा, फाटकाशी थांबलेला सायकलवाला,
सगळं लहान होताना पाहिलंय नानांनी,
मोठं होत येताना फार कमी.

जेवणं झाल्यावर गच्चीत गेलो.
थंडी होती. तिकडे उन्हाळा, आणि पहाट,
योगिनी उठली असेल, डबे भरत असेल.
तेवढ्यात एक विमान आलं, आवाजाच्या पुढे पुढे,
एका पंखाला लाल दिवा, एका पंखाला हिरवा.
नाना मान वर करून उभे.
"लाल आणि हिरवा एकदम?
असला सिग्नल कुठल्या पुस्तकात नव्हता रे.
थांब म्हणतोय, की जा?"

ते हतनूरकडे गेलं, तापीवरून, आणि दिसेनासं झालं.
नाना खाली आले, वही उघडली,
घड्याळ पाहून शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
नऊ सतरा. एक पास झाली.
थांबली नाही.