सोमवारचा रिपोर्ट

सोमवारी अकराच्या आत शेठना आकडे लागतात.
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, कारखान्याच्या माळ्यावर
माझं टेबल, एक पंखा, आणि खाली
चोवीस माग.
मी टॉवेलच्या पोस्टी करते.
किती जणांपर्यंत पोचल्या, किती थांबले,
किती जणांनी सेव्ह केल्या, किती जणांनी पुढं पाठवल्या,
सगळं एका पानावर, रंगीत खांब काढून.
खांब उंच असला की शेठ चहा सांगतात.

नायना खाली, सहा नंबरवर.
त्यांच्या मागाला पिक मोजणारं मीटर आहे,
काळं, तळहाताएवढं, काचेला भेग.
शिफ्ट सुटताना तो आकडा वहीत उतरवायचा,
त्यावर पगार.
त्या आकड्याशी ते कधी भांडलेले मी पाहिले नाहीत.
मला मात्र विचारतात,
"काय मोजालीस गं दिवसभर?
बघितलं म्हणजे घेतलं का?"

एकदा समजावून सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत,
शेंगाचटणी आणि कडक भाकर मध्ये ठेवून.
म्हटलं, लोक अंगठ्यानं सरकवत असतात, नायना,
सरासर, न बघता.
एखाद्या ठिकाणी अंगठा थांबला
की आम्ही ते मोजतो.
तीन सेकंद थांबला, तर एक माणूस धरायचा.
ते हसले.
"आमच्याकडं थांबलं की नुकसान.
धागा तुटला की थांबतो माग.
तुमच्याकडं थांबलं की फायदा होय?"
आणि भाकरीचा तुकडा मोडून
बराच वेळ हातातच ठेवला.

मार्चमध्ये शेठच्या भाच्यानं पाच हजार फॉलोअर विकत आणले.
कारखान्यात पेढे.
मग एका रात्रीत चार हजार दोनशे गायब.
अम्मानं ऐकलं, विडी वळता वळता, हात न थांबवता:
"छाट काढली म्हण की."
तिच्या हजारातनं मुकादम रोज काढतो.
तिला यात नवं काही दिसलं नाही.

गड्ड्याच्या जत्रेत आमचा टॉवेल पांघरून नाचणारा पोरगा
दोन लाख लोकांनी बघितला.
खांब पानाच्या बाहेर गेला.
त्या आठवड्यात ऑर्डर एकच,
तीही होटगी रोडच्या सलूनची, उधारीवर.

आणि सगळ्यांत पडलेली पोस्ट, जुलैतली:
एकोणीस सेकंद. सहा नंबर.
नायनांची बोटं तुटलेलं टोक शोधतात,
थुंकी लावून पिळतात, गाठ,
माग सुरू. संपलं.
गाणं नाही, ऑफर नाही.
शेठ म्हणाले, हे कशाला?
बघणारे अकरा.
दहा सोलापूरचे, म्हणजे आम्हीच.
एक भिवंडी.

भिवंडीला आपलं कुणी नाही, असं घरात म्हणतात.
काका होता.
मी तिसरीत असताना, ऐन दसऱ्याला,
पितळेचा तांब्या भिंतीवर आपटून गेला.
तांब्या अजून आहे, पोचा आलेला,
पाणी त्यातच पितो आम्ही.
दोघं भाऊ एकाच मागावर शिकले,
गाठ मारायची ढब एकच,
असं अम्मा एकदा बोलून गेली, आणि मग
विड्यांचं सूप उचलून आत गेली.

भिवंडीत मागवाले काय कमी आहेत?
कुणीही असेल.
अंगठा चुकून थांबला असेल.
एक या आकड्याचा खांब होत नाही,
रेघ होते, तीही मोठं करून बघितल्यावर.
मी ती तशीच ठेवली.
शेठनी पान उलटलं.

संध्याकाळी शिफ्ट सुटली.
नायना मीटरला वाकून आकडा उतरवत होते.
म्हटलं, "तुमचा तो व्हिडिओ, नायना,
भिवंडीतनं एकानं बघितला."

पेन्सिल थांबली.
बाजूचे माग चालूच होते, मला वाटलं
ऐकू गेलं नसेल.
वर न बघता त्यांनी विचारलं,
"किती वेळ?"