अस्तर

पहिल्यांदा कळलं ते टेपला.
नवरात्राआधीचा आठवडा, शिवायला पडलेले साठ ब्लाउज,
आणि राजारामपुरीतल्या दुकानात पडद्याआड
रात्री साडेदहाला मी माझंच माप घेत होते:
डावा टक्स पाऊण इंच वर सरकलेला.
पुन्हा घेतलं. पाऊणच.
टेप खोटं बोलत नाही, गिऱ्हाइकं बोलतात.

चार वर्षांपूर्वी डावा काढला.
मग किरणं, पंचवीस वेळा, रिक्षानं जाऊन-येऊन,
आणि मग ही पिशवी, सिलिकॉनची,
भिशीचे दोन नंबर मोडून बसवलेली.
होईल सवय, म्हणाले होते सगळे.
झाली. पालथं झोपणं सोडून बाकी सगळ्याची.

आता तिचं कवठ झालंय.
महाद्वार रोडला गर्दीत धक्का लागला
की धक्का देणारीच वळून बघते,
आपण कशावर आपटलो म्हणून.
मी पदर सारखा करते आणि भाजीचा भाव विचारते.

डॉक्टर शिरगुप्पे बोटांनी चाचपतात,
मी कापडाचा पोत बघते तसं, डोळे दुसरीकडे ठेवून.
चौथी पायरी, म्हणतात. पुढं पाचवी नाही.
परकं काही आत गेलं की शरीर त्याच्याभोवती
पडदा विणतं. तुमचंच नाही, सगळ्यांचं.
काहींचा मऊ राहतो, काहींचा आवळत जातो,
किरणं घेतलेल्यांचा जास्त.

म्हणजे अस्तर आटलं, मी म्हटलं.
त्या थांबल्या.
न भिजवता अस्तर लावलं की पहिल्या धुण्याला
आत ओढतं, वरचं कापड बिचारं चांगलं असतं,
पण चुण्या त्याच्यावर दिसतात.
त्यांनी माझ्या फायलीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं.
मला वाचता आलं नाही.

उसवायचं, हे नक्की.
मग नवी पिशवी, नाहीतर पोटाची चरबी,
नाहीतर काहीच नाही, सपाट.
तिन्हींचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून दिले.
चिठ्ठी मी टाचण्यांच्या डबीत ठेवली.

विलास शिरोलीला फाउंड्रीत, पॅटर्न शॉपला, एकोणीस वर्षं.
भात कालवता कालवता म्हणाला,
ओतलेलं आटतंयच की गं.
म्हणून तर आम्ही पॅटर्न वाढीव करतोय,
आटणूक धरूनच.
मग हात तसाच ताटात ठेवून:
तुझी कुणी धरली न्हाई.

चार वर्षांत त्या बाजूविषयी
त्यानं बोललेलं हे पहिलं वाक्य.
आमटी गार झाली. मी पुन्हा तापवली.

शुद्धीवर आल्यावर मी मागितलं, दाखवा.
सिस्टर म्हणाली, तपासायला जातंय ते.
संध्याकाळी डॉक्टरच घेऊन आल्या, बरणीतून.
पांढुरकं,
अंड्याच्या टरफलाखालच्या पापुद्र्यासारखं पण जाड,
एका कडेला चुन्याची कणी.
मी बरणी खिडकीकडे धरून फिरवत राहिले.
शिवण शोधत होते, हाताची खोड.
कुठंच नव्हती. ना जोड, ना गाठ, ना सुटलेला दोरा.
तीस वर्षांत मला असं एक काम जमलेलं नाही.

चार वर्षं मनात धरलेला राग
मी सोबत आणला होता, पिशवीतल्या थर्मासशेजारी.
तो कुणावर काढायचा ते कळेना.
आत कुणीतरी रात्रंदिवस बसून विणत होतं,
मला वाचवायलाच.
कुणी सांगितलंच नव्हतं त्याला
की हे मी पैसे देऊन आणलंय.

नवी घातली. लहान, गुळगुळीत.
रोज दोनदा चोळायची, सांगतील तसं.
पुन्हा आवळेल का?
आवळू शकतं, डॉक्टर म्हणाल्या, हमी देत नाही.
मीही गिऱ्हाइकाला रंगाची हमी देत नाही.

माझ्या ब्लाउजला आता डाव्या बाजूला
एक इंच जास्त माया ठेवते.
कापड फुकट जातंय, दुकानातली शकीला म्हणते.
जाऊ दे.