उगवतीची बाजू

लॅबमध्ये बावीस यंत्रं, त्यातली तीन मुकी.
पंखा दोनवर ठेवला की किरकिरतो, म्हणून एकवर.
शनिवार. कॅन्टीनमध्ये कटाचं पातेलं उघडलंय,
सगळ्यांची नाकं तिकडं.

मी सांगते: नकाशात तीनच आकार.
ठिपका, रेघ आणि बंद कुंपण.
नळ म्हणजे ठिपका. रस्ता म्हणजे रेघ.
वस्ती म्हणजे कुंपण; शेवटचा बिंदू पहिल्यावर टेकवा,
नाहीतर आकार मिटत नाही.

सरावाला पंचगंगेकाठचं एक गाव.
वरून नुसते पत्रे आणि ऊस.
उपग्रहाला आडनावं दिसत नाहीत, असं मी म्हणते.
दरवर्षी म्हणते.
मागच्या बाकावरून तुषार मगदूम:
"पण मॅडम, डांबर कुठं संपतंय ते दिसतंय की."

मग थरावर थर.
नळांचा निळा, दिव्याच्या खांबांचा पिवळा.
गुळाला मुंग्या लागाव्यात तसे
दोन्ही देवळाभोवती दाटतात.
ओढ्यापलीकडं एकच निळा ठिपका,
त्याच्या रकान्यात: दिवसाआड.

पुराचा थर मी मुद्दाम शेवटी ठेवलेला.
टिचकी.
पाणी आधी शिरतं तो आकार
आपण मघाशीच काढला होता.

आर्यशीला शिंगे इतका वेळ गप्प.
"मॅडम, वाऱ्याचा थर असतो का?
मामा सांगतो, आम्हाला उगवतीला बसवलं
कारण वारा मावळतीचा.
आमच्यावरनं गेलेला गावात शिरायला नको."

असतो, म्हणाले. फुकट मिळतो.
उतरायला अकरा मिनिटं लागली,
तोवर कुणी कॅन्टीनला गेलं नाही.
बाण उमटले:
देवळावरून, सोसायटीच्या गोदामावरून,
ओढा ओलांडून
एका पत्र्याच्या घरावर.

मगदूमनं मोजपट्टी ओढली, देवळापासून तिथवर.
तीनशे चाळीस मीटर.
पुन्हा ओढली.
"आपल्या गेटापासून केएमटीचा थांबा
याहून लांब आहे," तो म्हणाला,
कुणाला ते कळलं नाही.

उत्तरेचा बाण राहिला. प्रमाण राहिलं.
वस्तीच्या नावाचा रकाना कोरा:
कागदावर नवं नाव आहे,
तोंडात जुनं,
आणि जुनं टंकायला कुणी पुढं येईना.

शेवटी आर्यशीलानं कीबोर्ड ओढला.
आ. जो.
पुढचं अक्षर तिला सापडेना.
मगदूम वाकला,
म्हणाला, ळ ना? शिफ्ट धर.