नावात एल्गार

रात्री दीडला येते शेतीची वीज.
तोवर मी आणि आबा आल्याच्या वाफ्याशेजारी,
पोत्यावर, एका घोंगडीत.
आबांचा डावा पाय हलतो: एक दोन तीन, एक दोन तीन.
सवय आहे. भाकरी मोडतानाही हलतो.
आई म्हणायची, जेवताय का परेड करताय?
आबा म्हणायचे, तीनावर परेड होत नसते.
दोन पायांच्या माणसाला तीनावर चालता येत नाही.

हवालदार रंगराव निकम,
मराठा पलटणीच्या बँडात एकवीस वर्षं युफोनियम.
गावात हा शब्द कुणाच्या तोंडात बसला नाही.
निकमांचा भोंगा, एवढंच.
एका जुन्या फोटोत तो आबांच्या मांडीवर आहे,
नुकतं जन्मलेलं वासरू घ्यावं तसा.

मास्तरांनी एकदा नवे कागद वाटले.
वर नाव: एल्गार.
पोरं खूश. म्हणाली, चढाईची धून असणार.
निघालं भलतंच.
इतकं संथ, की पहिल्या दिवशी कॉर्नेटवाला खिलारे हसला.
"हा साहेब लढाईला निघालाय का मयतीला?"
आबांच्या कागदावर सुरुवातीला नुसत्या रेघा,
अकरा बार गप्प.
(दारूचा बार नव्हे, हे गावात दरवेळी सांगावं लागतं.)
मोजायचं, ओठ ओले ठेवायचे,
आणि बाराव्याला आपली ओळ.

दौलत खिलारे पेटीतून आला तेव्हा हीच चीज वाजली.
त्या दिवशी, आबा सांगतात, मोजलंच नाही.
बारावा आपोआप आला.
याच्यापुढे ते काही सांगत नाहीत.

चावडीजवळ एक दगड आहे, गोऱ्यांच्या वेळचा.
या गावातून इतके लढाईवर गेले, इतके परत आले नाहीत.
आकडा आहे. नावं नाहीत.
लहानपणी मी त्याला टेकून चिंचा खाल्ल्यात.

आज नागठाण्याहून रिचार्ज मारून आले
आणि फोनवर शोधलं: एल्गारसाहेब.
भरघोस मिशा. आबा म्हणाले, आपल्या सुभेदारासारखा दिसतो.
मग ऐंशी-नव्वद माणसं, काळे कपडे, सगळी बसलेली.
"बसून वाजवतात?"
वीस बायाबाप्ये एकदम गज ओढतात
आणि आवाज येतो कुठून ते कळत नाही,
जमीन तापल्यावर वाफ दिसते, तिला जागा नसते, तसा.
आबांनी आयुष्यभर ही चीज आतून ऐकलेली,
डावीकडून ट्रॉम्बोन, पाठीमागून ढोल.
पुढून कशी दिसते, माहीत नव्हतं.

बारावा आला.
"ही माझी ओळ."
एक बाई वाजवत होती, मोठं लाकडी वाद्य गुडघ्यांत धरून, डोळे मिटून.
"माझी ओळ हाय ती."
तक्रार नव्हती आवाजात.
शेतात दुसऱ्याची गाय दिसावी आणि ओळखीची निघावी, तसं काहीतरी.

मग मी पाहिलं, आबा मध्येच श्वास घेतायत.
ठरावीक जागी. खोल. खांद्यांपासून.
बाईचा गज तिथे थांबत नव्हता.
"दम घ्यायची जागा गाळली हिनं," आबा पुटपुटले,
"गजाला दम लागत नाही."
कवळी काढून खिशात ठेवली.
ओठ आवळले.

सूर चढत गेला. आता सगळे होते,
पितळ, लाकूड, कातडं,
आणि माझ्या छातीत भलत्याच ठिकाणी दुखायला लागलं,
जिथे माझं कुणीच मेलेलं नाही.

तेवढ्यात वीज आली.
खोपीतला दिवा लागला. मी स्टार्टरकडे उठले.
आबांनी हात वर केला.
पाण्याची पाळी एक मिनिट न चुकवणारा माणूस.
"थांब. उतरू दे."

उतरलं. फार हळू उतरलं.
मग मोटर. मग पाणी.
आबा फावडं घेऊन बांधावरून पुढे,
मी मागून बॅटरी धरून.
चिखलात चपला वाजत होत्या, त्यांच्या दोन, माझ्या दोन.
मोजायला लागले तर एक पाऊल जास्त भरत होतं.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.
तिसऱ्या वाफ्याचं दार फुटलं होतं, ते आधी बुजवलं.