बाजू ब, तिसरं गाणं

भोपळे चौकातून आत वळलं की माझं दुकान होतं.
एक खुर्ची, एका वेळी एक गिऱ्हाईक,
बाकी सगळे टेपरेकॉर्डर, पोट उघडून पडलेले.

लियाव बाई पार्लरमधून थेट यायच्या,
बोटांना पर्मच्या औषधाचा वास.
"तांबोळी, हिचा घसा बसलाय बघा,"
म्हणत कॅसेट काउंटरवर ठेवायच्या,
डॉक्टरकडे पोर आणावं तशी.

वेष्टनावर एक गायिका, हनुवटीखाली मूठ,
आणि अक्षरं अशी की प्रत्येकात एक खोली,
खोलीत खुर्ची, खुर्चीवर कुणीतरी बसलेलं.
मला वाचता येईना, म्हणून कडेला पेनानं लिहिलं :
चिनी बाई, निवडक.
त्यांनी ते खोडलं नाही.

मला भाषा कळत नाही, फीत कळते.
बाजू अ जवळजवळ कोरी,
ऐकायची म्हणून ऐकलेली.
बाजू ब, तिसऱ्या गाण्यापाशी मात्र
तपकिरी रंग उडून काच झालेली.
पुढे-मागे, पुढे-मागे,
कुणीतरी त्याच एका कडव्याशी
वर्षानुवर्षं हुज्जत घातलेली.

"आईची," त्या म्हणाल्या. "टँगऱ्याहून पुण्याला येताना
शिलाई मशीन आणि ही, एवढंच आणलं तिनं."
"गाण्यात म्हणतेय काय?"
"मला काय माहीत?
आम्ही घरात हक्का बोलतो, ही दुसरंच बोलते.
आई रडायची, म्हणजे दुःखाचं असणार.
पण आई तर कांदा चिरतानाही रडायची."

एका मंगळवारी मशीननं फीत गिळली.
चुरगळलेला बोटभर तुकडा कापावा लागला.
बोटभर म्हणजे दीड सेकंद,
हा हिशेब माझा पक्का.
ब्लेड, चिकटपट्टी, श्वास रोखून.
मग लावून पाहिलं :
आवाज चढत जातो, चढत जातो,
आणि मधली पायरीच नसावी तसा
एकदम वरच्या मजल्यावर.

मी मान खाली घातली.
बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.
"किती झाले?"
पंधरा सांगितले. दहा सांगायला हवे होते.

त्यांची आयरीन त्याच कॅसेटवर गाणं शिकली.
शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हणाली म्हणे,
आख्ख्या हॉलला एक अक्षर कळलं नाही
आणि वन्स मोअर मिळाला.

गेल्या दिवाळीत ती टोरांटोहून आली.
दुकान आता जावयाचं, मोबाइलची कव्हरं लटकलेली,
मी कोपऱ्यात स्टुलावर.
फोनवर तेच गाणं लावून तिनं माझ्या कानाशी धरलं.
"अंकल, ऐका. इथं हिनं चुकीचं म्हटलंय.
एक शब्द जास्तीचा घातलाय."

बावीस वर्षांनी ऐकला.
एवढासा शब्द.
दाराला आतून कडी लागावी, तेवढाच.

"अर्थ काय गं त्याचा?"
आयरीन आता ती भाषा शिकलीय, ऑफिसात लागते.
तिनं सांगायला तोंड उघडलं,
मग म्हणाली, "राहू द्या ना.
आजी शेवटी शेवटी माझ्यासोबत गायची,
तिला तर शब्द येत होता,
पण ती माझ्यासाठी तिथे थांबायची."

मी चुन्याची डबी खिशातल्या खिशात चाचपली.
बोटभर फीत तिच्यात अजून आहे, गुंडाळलेली.
उजेडात धरून पाहिली तर नुसती तपकिरी.

काढली नाही.
आयरीन गुणगुणत रस्त्यावर उतरली,
आणि त्या जागी आली तसा
मीही इकडे गप्प झालो.